पहिली युरोपवारी: आधी रात्रींचा तक्ता, मग तिकीट

युरोपला जायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिल्या संध्याकाळीच विमानाची तिकिटं शोधायला सुरुवात होते. स्वस्त तिकीट दिसतं, घाईने काढलं जातं आणि मग व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा यावर डोकेफोड सुरू होते. सुरुवात वही-पेनाने किंवा एक्सेलमध्ये करावी. कोणत्या तारखेची रात्र कोणत्या गावात, एवढाच तक्ता. व्हिसा कोणाकडे मागायचा, विमा किती दिवसांचा, हॉटेलं, रेल्वे, रजेचं पत्र हे सगळं त्याच तक्त्यावरून ठरतं आणि अर्ज नाकारला जातो तेव्हा बऱ्याचदा या कागदांचाच एकमेकांशी मेळ बसलेला नसतो.

तक्ता कसा मांडायचा

फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग घेऊ. समजा, बेत असा आहे: पॅरिस ३ रात्री, लुसर्न २, इंटरलाकेन ३, व्हेनिस २, रोम ३. एकूण १३. दिसायला छान, पण यात एक अडचण लपलेली आहे. स्वित्झर्लंडच्या ५ रात्री आणि इटलीच्याही ५.

शेंगेन गटात आज २९ देश आहेत. एका देशाने दिलेल्या व्हिसावर बाकीच्यांत फिरता येतं, मात्र अर्ज कोणाकडे करायचा याचा नियम पक्का आहे: जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुख्य मुक्काम ठरवताच येत नसेल, तर गटात पहिलं पाऊल जिथे पडणार त्या देशाकडे. वरच्या बेतात बरोबरी स्वित्झर्लंड आणि इटलीची, पहिलं पाऊल मात्र फ्रान्समध्ये, जिथे मुक्काम सर्वांत कमी. अशा वेळी व्हिसा केंद्राच्या खिडकीवर वाद घालण्यापेक्षा बरोबरी मोडून टाकावी. इंटरलाकेनची एक रात्र वाढवली की स्वित्झर्लंड ६, इटली ५, फ्रान्स ३ आणि अर्ज निःसंशय स्वित्झर्लंडकडे. पॅरिसला उतरणार असलात तरीही.

'अमुक देशाचा व्हिसा सहज मिळतो' म्हणून त्याच्याकडे अर्ज करून मुक्काम दुसरीकडे करायचा, ही युक्ती एजंट सुचवतात. ती करू नका. विमानतळावरचा अधिकारी हॉटेलची बुकिंगं मागू शकतो आणि पुढच्या अर्जाच्या वेळी जुना व्हिसा नि प्रत्यक्ष मुक्काम ताडून पाहिला जाऊ शकतो.

आता तारखा घाला. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ९ मे रोजी रात्री दीडचं विमान म्हणजे घरातून ८ मेच्या संध्याकाळीच निघायचं. ही गल्लत करून विमान हुकवणारे कमी नाहीत. ९ला सकाळी पॅरिस. ९, १०, ११ तिथल्या रात्री. १२ आणि १३ लुसर्न, १४ ते १७ इंटरलाकेन, १८ व १९ व्हेनिस, २० ते २२ रोम, २३ला परतीचं विमान. रात्री १४, शेंगेनचे दिवस मात्र १५, कारण प्रवेशाचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. रोमहून विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर दिवस १६ होतात. एका दिवसाने हिशेब चुकला तरी तो मुदतीबाहेरचा मुक्काम ठरतो.

तिकीट 'मल्टी-सिटी' प्रकारात शोधा: जाताना मुंबई–पॅरिस, येताना रोम–मुंबई. जाऊन-येऊन पॅरिसचंच तिकीट दिसायला स्वस्त असतं, पण रोमहून पॅरिसला परतण्याचा खर्च आणि एक अख्खा दिवस त्यात मिळवून पाहा.

लंडन यात घुसवायचं असेल तर दोनदा विचार करा. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शुल्क वेगळं, आणि पॅरिस–लंडन–ॲमस्टरडॅम असं केलं तर शेंगेनमध्ये दोनदा शिरणं होतं. एकाच प्रवेशाचा व्हिसा लंडनला जाताच संपतो. लंडन घ्यायचंच तर सुरुवातीला किंवा शेवटी. व्हिएन्ना–बुडापेस्टकडे जाणाऱ्यांनी सर्बियाबद्दल हेच लक्षात ठेवावं. नकाशावर शेजारी असला तरी तो गटाबाहेर आहे.

पासपोर्ट आणि नावं

परत निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने पासपोर्ट चालू हवा, तो गेल्या १० वर्षांत दिलेला हवा आणि त्यात किमान २ कोरी पानं हवीत. मुदत वर्षभराच्या आत आली असेल तर आधी नूतनीकरण करून घेतलेलं बरं.

मराठी घरांत खरी गोची नावांची होते. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, 'सरनेम'मध्ये आडनाव. तिकिटावर, विम्यावर, अर्जावर हुबेहूब तेच हवं. आधारकार्डावर 'सुनीता', पासपोर्टवर 'सुनिता', बँकेत नुसती आद्याक्षरं असा प्रकार असेल तर पासपोर्टचं स्पेलिंग प्रमाण मानायचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचे बँकेचे कागद अजून माहेरच्या नावाने असतील तर विवाह प्रमाणपत्र जोडा आणि सोबतच्या पत्रात एका ओळीत ते सांगून टाका.

कागदांचा गठ्ठा

प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण चौकशी लांबली तर ४५पर्यंत जाऊ शकतात. मे महिन्यात जाणाऱ्यांची झुंबड मार्च-एप्रिलमध्ये उडते आणि तेव्हा भेटीची वेळच मिळत नाही. म्हणून मेच्या प्रवासाचा तक्ता दिवाळीनंतर लगेच आणि अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत, हा हिशेब बरा पडतो. पासपोर्ट तेवढे दिवस तिकडे अडकतो, तेव्हा मधे दुबई-सिंगापूरचं काही ठेवू नका.

गठ्ठ्यात काय हवं ते दूतावासाच्या यादीत असतं. यादी देशागणिक थोडी बदलते. कुठे बँकेचं विवरण ३ महिन्यांचं मागतात, कुठे ६. आयकर विवरणपत्रं, ३ महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, परतीचं तिकीट, प्रत्येक रात्रीचं हॉटेल, गावागावांतला प्रवास, विमा आणि दोन फोटो हे सगळीकडे लागतं. फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, फिकट पार्श्वभूमीवर, गेल्या ६ महिन्यांतला. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत नुसतं 'पासपोर्ट साइज' सांगितलंत तर वेगळ्याच मापाचा मिळू शकतो. 'शेंगेन व्हिसाचा' असं सांगा.

बँकेचं विवरण शाखेतून सही-शिक्क्यासह घ्या. खात्यात अर्जाच्या आधल्या आठवड्यात अचानक तीन-चार लाख येऊन पडलेले दिसले की ते उसने आणल्याचा संशय घेतला जातो. मुदत ठेव मोडली असेल, जमिनीचे पैसे आले असतील, तर त्याचा पुरावा लावा. एकूण शिल्लक किती हवी, हे सगळे विचारतात. त्यापेक्षा दरमहा पैसे कसे येतात-जातात हे जास्त बोलकं असतं.

नोकरदारांचं रजापत्र कंपनीच्या लेटरहेडवर, रजेच्या तारखांसह आणि 'अमुक तारखेला कामावर रुजू होतील' या वाक्यासह हवं. दुकानदारांनी गुमास्ता परवाना आणि जीएसटी नोंदणी लावावी. शेती हेच उत्पन्न असेल तर सातबारा, विक्रीच्या पावत्या आणि त्या रकमा खात्यात आल्याच्या नोंदी लावा. सातबारा मराठीत असतो, त्यामुळे त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावंच लागेल. निवृत्तांना पेन्शनचे कागद. आजी-आजोबा नातवाला घेऊन जात असतील किंवा आई-वडिलांपैकी एकच जण सोबत असेल, तर मुलाचा जन्मदाखला आणि न जाणाऱ्या पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. हे शेवटच्या दिवशी आठवतं आणि नोटरी शोधत पळावं लागतं.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला. नुसत्या 'स्वित्झर्लंड' नावाने घेतलेली पॉलिसी चालत नाही. तारखा मुंबई सोडल्यापासून मुंबईत पोचेपर्यंतच्या घ्या, म्हणजे आपल्या उदाहरणात ९ ते २४ मे. आधीचा आजार त्यात धरला आहे का, ते मधुमेह-रक्तदाबवाल्यांनी नीट वाचावं.

हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करू नका. अर्ज भरून झाल्यावर सगळी बुकिंगं काढून टाकणारे महाभाग असतात. दूतावासाने हॉटेलला विचारलं की पितळ उघडं. विमान मात्र खरं काढलेलं हवं की राखून ठेवलेलं चालेल, हे त्या देशाच्या यादीत पाहा. दोनशे-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या 'डमी' तिकिटावरचा क्रमांक विमान कंपनीच्या संकेतस्थळावर सापडत नसेल तर तो कागद तुमच्या विरोधातच जातो.

सोबतचं पत्र एका पानाचं पुरे. कोण कोण जाणार, नातं काय, तारखा, मुक्काम, खर्च कोण करणार, परत का येणार. तक्ता त्याच पानावर चिकटवा. 'लहानपणापासून स्वित्झर्लंड पाहायचं स्वप्न होतं' वगैरे लिहून काही साधत नाही.

केंद्रावर

बहुतेक देशांचे अर्ज व्हीएफएस ग्लोबल ही खासगी कंपनी स्वीकारते, स्पेनचे बीएलएस ही कंपनी. त्यांची केंद्रं कागद गोळा करतात, निर्णय दूतावासाचा. त्यामुळे खिडकीवरच्या मुलीने 'हा कागद नको' म्हटलं तरी तुम्हाला तो महत्त्वाचा वाटत असेल तर जोडायचा आग्रह धरा.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना काही नाही. केंद्राचा सेवाखर्च वेगळा. कुरिअर, एसएमएस, खास खोली या गोष्टी ऐच्छिक आहेत. अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते ५९ महिने चालतात, म्हणून चार वर्षांपूर्वी दिले असतील तर अर्जात तसं नमूद करा. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

नकार आलाच तर सोबत ठरावीक छापील कारणांचं पत्र येतं, त्यातल्या लागू कारणावर खूण असते. 'प्रवासाचा हेतू पटला नाही' आणि 'परत जाण्याबद्दल शंका' ही दोन नेहमीची. तेच कागद घेऊन आठवड्याने पुन्हा अर्ज केला तर उत्तरही तेच येईल.

व्हिसा आल्यावर आधी वाचा

पासपोर्ट हातात पडला की तिथेच उभं राहून स्टिकर वाचावा. नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख. मग चार गोष्टी: कुठपासून, कुठपर्यंत, प्रवेश किती, दिवस किती. 'कुठपासून-कुठपर्यंत' हा फक्त व्हिसाचा काळ आहे. तुम्हाला त्यात राहायला मिळतात ते 'दिवस' या रकान्यातले. काळ ३० दिवसांचा आणि मुक्काम १५ दिवसांचा, असं सर्रास असतं. ते ३० दिवस मिळाले असं समजून मुक्काम लांबवलात तर पुढचे व्हिसा कठीण होतात. ज्यांना अनेक प्रवेशांचा, लांब मुदतीचा व्हिसा मिळतो त्यांनाही कोणत्याही १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं.

एक चांगली गोष्ट: एप्रिल २०२४पासून भारतीयांसाठी नियम सैल झाले आहेत. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणजे पहिल्या वारीत वेळेवर परतण्याचा फायदा पुढे मोजून मिळतो.

व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी एटियास नावाची परवानगी युरोप आणत आहे. व्हिसा घेऊन जाणाऱ्या भारतीयांचा त्याच्याशी संबंध नाही. त्याचे पैसे मागणारं कोणतंही संकेतस्थळ दिसलं तर बंद करा.

पैसे

फ्रान्स, इटलीत युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. फ्रँक विसरणारे बरेच. तिथे काही ठिकाणी युरो घेतात, पण दुकानदाराच्या दराने, आणि सुटे फ्रँकमध्येच परत येतात. फॉरेक्स कार्डावर दोन्ही चलनं भरून घ्या. आपल्या उदाहरणात खर्चाचा मोठा भाग स्वित्झर्लंडमध्ये जाणार, म्हणून फ्रँकचं पारडं जड ठेवा. पूर्वेकडे वळलात तर प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट. क्रोएशियात २०२३पासून युरो आहे.

रोख थोडीच: माणशी २०० युरो आणि १०० फ्रँक पुरतात. त्यात सुटी नाणी हवीत, कारण स्टेशनांवरच्या स्वच्छतागृहांत नाण्यांशिवाय अडतं. कार्ड यंत्रात घातल्यावर 'रुपयांत भरायचे की युरोत' असं विचारतात. युरोच निवडा; रुपयांचा दर तुम्हाला महाग पडतो. आणखी एक कार्ड वेगळ्या पिशवीत असू द्या. इटली आणि स्वित्झर्लंडमधली हॉटेलं माणशी, रात्रीगणिक एक पर्यटक कर वेगळा घेतात, तो बुकिंगच्या रकमेत नसू शकतो. इंटरलाकेनमध्ये त्या करापोटी पाहुणाकार्ड मिळतं आणि त्यावर स्थानिक बस मोफत असते, मागून घ्या.

टूर पॅकेजवर किंवा परदेशी चलनावर टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला कर) कापला गेला असेल तर तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपा.

रेल्वे

पॅरिसहून स्वित्झर्लंडची गाडी गार द ल्यों स्टेशनवरून सुटते. पॅरिसमध्ये मोठी स्टेशनं अर्धा डझन आहेत, तेव्हा तिकिटावरचं नाव वाचा. या वेगवान गाडीला आरक्षण सक्तीचं आहे आणि तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त. बाझेलला उतरून लुसर्नची गाडी घ्यायची.

स्वित्झर्लंडच्या आतल्या साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ आणि १५ दिवसांचा मिळतो. सहा रात्री म्हणजे ६ दिवसांचा पास घेतलाच पाहिजे असं नाही. इंटरलाकेनजवळच्या युंगफ्राउयोख या उंच डोंगरी स्टेशनचं तिकीट त्या पासात पूर्ण येत नाही, फक्त सवलत मिळते. डोंगरावर एकदाच जाणार आणि बाकी वेळ इंटरलाकेनच्या आसपास असाल तर हाफ फेअर कार्डचा (निम्म्या भाड्यात तिकिटं देणारं कार्ड) हिशेब मांडून पाहा. १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांसोबत फॅमिली कार्डावर मोफत प्रवास आहे.

इंटरलाकेन ते व्हेनिस श्पीत्स आणि मिलानमार्गे. या टप्प्यात सीमा ओलांडणाऱ्या गाडीला आरक्षण लागतं, पास असला तरी. व्हेनिसला दोन स्टेशनं: मेस्त्रे मुख्य भूमीवर, सांता लुचिया बेटावर. हॉटेल जिथे, तिथे उतरा. दोन्हींत खोल्यांच्या भाड्याचाही बराच फरक असतो. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. तिकीट खिशात असूनही दंड बसतो तो यामुळेच.

फोन आणि प्लग

युरोपियन युनियनच्या एका देशाचं सिम दुसऱ्यात ज्यादा पैसे न देता चालतं. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. पॅरिसला घेतलेलं सिम लुसर्नला बंद पडू शकतं किंवा पैसे खाऊ शकतं. ई-सिम घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे ना, ते पाहा.

वीज २३० व्होल्टचीच आहे, ट्रान्सफॉर्मर नको. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तिन्ही देशांत सहसा बसतो. लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग बसत नाही, त्यासाठी अडॅप्टर न्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. १०० वॅट-तास, म्हणजे साधारण २७,००० एमएएच, ही विनापरवाना मर्यादा.

खाऊचा डबा

इथे मराठी माणूस हमखास अडकतो. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणून पेढे, बर्फी, खवा, पनीर, तूप घरीच राहू दे. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत. हापूस गेला, कढीपत्ताही गेला. केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन या पाच फळांना सूट आहे. सुकं खोबरं मात्र विमानतळावरच अडवलं जातं, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. चालतं काय? भाकरवडी, चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, कोरडे मसाले. लोणचं हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या नियमात सापडतं. ते खालच्या सामानात, दुहेरी पिशवीत.

औषधं पूर्ण दिवसांची आणि वर आठवड्याची जास्त, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव हवं, कारण आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथला औषधवाला ओळखत नाही. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. मेमध्येही तिथे बर्फ असतं. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी वर जायचं की नाही ते इथेच विचारून घ्यावं. रोमला गेल्यावर सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात.

सीमेवर आणि नंतर

१२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या बाह्य सीमेवर टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद होते. तिला पैसे नाहीत, आधी अर्जही नाही. पण पहिल्या खेपेला रांग लांबते, त्यामुळे उतरल्यावर दोन तासांच्या आत सुटणाऱ्या रेल्वेचं तिकीट काढून ठेवू नका. हॉटेलं, विमा, परतीचं तिकीट यांच्या कागदी प्रती हाताशी ठेवा.

देशांच्या आतल्या सीमांवर फाटक नाही, तरी गाडीत पोलीस येऊन पासपोर्ट मागू शकतात. त्या दिवशी मूळ पासपोर्ट अंगावर हवा, सुटकेसच्या तळाशी नको. पॅरिसच्या मेट्रोत आणि रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर खिसेकापू सराईत आहेत. कोणी कागदावर सही मागितली, जमिनीवरून अंगठी उचलून 'तुमची का' विचारलं, की थांबायचं नाही.

पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या, मग भारतीय दूतावास: पॅरिस, बर्न किंवा रोम. तिथे भारतात परतण्यापुरतं तातडीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यावर पुढचे देश फिरता येत नाहीत. पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत, दोन फोटो ही जोडी नवऱ्याचे कागद बायकोच्या पिशवीत आणि बायकोचे नवऱ्याच्या, अशी ठेवा. आणीबाणीचा क्रमांक तिन्ही देशांत ११२.